सातव्या मशीनचा पाऊण तास

१

कागदावर ओहोटी आठ पन्नासची होती. समुद्राने मात्र कागद वाचलेला नव्हता. त्याची ओहोटी पाऊण तास आधीच होऊन गेली आणि त्या पाऊण तासात लाडकी मर्देचा डावा पाय मोडला.

दिनानाथ सावे यांना हे दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी दुपारी कळलं. पहिली पाळी उरकून ते सालवडच्या खोलीत नुकतेच पाय सोडून बसले होते. चिंचणीच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन नरहरी तांडेल दारात मोटरसायकल लावून आत आले. पाणीही न घेता त्यांनी हातभर कागद दिनानाथांच्या मांडीवर टाकला.

"सावेभाऊ, तुमच्या कॉम्प्युटरने आमचं माणूस बुडवलं असतं काल."

कागदावर वर निळ्या शाईत, बाईच्या वळणदार अक्षरात '२० मार्च १९९५' होतं. खाली छापलेलं: 'ओहोटी ८.५०. भरती ३.०५.'

हकिगत एवढीच होती. उधाणाच्या ओहोटीला समुद्र लांबवर सुकतो, तेव्हा चिंचणीच्या बायका खडकावर कालवं फोडायला जातात. काल बाकीच्या सव्वाआठला माघारी फिरल्या. लाडकी एकटी थांबली. मनगटावर घड्याळ, डोक्यात कागदावरचा आकडा. खडक आणि किनारा यांच्या मधली चर आधी भरते, आणि ती पाठीमागे असते. लाडकी उठली तेव्हा चरीत छातीभर पाणी होतं. घाईत पाय दगडात अडकला. होडीवाल्यांनी ओढून काढली म्हणून जीव वाचला.

"गुरुवारी सभा हाय," नरहरी म्हणाले. "तोवर मशीनच्या खोलीला मी कुलूप घातलंय, किल्ली माझ्या कमरेला. आणि त्या मंदाला घरी बसवायची, असं कमिटीचं मत पडतंय."

"मंदाने काय केलं?"

"कागद तीच काढते ना? मग चुकला तर कोण चुकलं? मशीन?" असं म्हणून नरहरींनी मशीन बनवणाऱ्याच्या नाही, पण भरतीचा हिशेब बनवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ते निघून गेले.

दिनानाथांनी डोळे मिटले. वय त्रेपन्न. तारापूरच्या एका कारखान्यात ते उपकरणं दुरुस्त करत. खोटं बोलणाऱ्या काट्यांना दिवसभर खरं बोलायला लावायचं, हे काम. पाच वर्षांपूर्वी हौस म्हणून त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर 'भरती' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. आजची तारीख मशीनकडून घ्यायची, चंद्राचं गणित करायचं, पाण्याच्या वेळा मराठीत दाखवायच्या. मागेल त्याला फ्लॉपी फुकट. विकतच्या वस्तूची तक्रार दुकानात जाते, फुकटची घरी येते, हे शहाणपण त्यांना नंतर आलं.

कारण मशिनी सात आणि सातांच्या सात तऱ्हा. माकुणसारच्या शाळेतलं मशीन अक्षरं उलटी दाखवायचं. पालघरच्या मेव्हण्याचं, प्रिंटर लावला की झोपायचं. बोईसरच्या क्लासमधल्या चारांतली दोन तिसऱ्याशी भांडायची. प्रत्येकाची तक्रार दिनानाथ एका वहीत तारीखवार लिहीत, आणि रविवार तिच्यात जायचा. सातवं मशीन चिंचणीचं. सगळ्यांत जुनं.

त्यांनी घरच्या मशीनला वीस मार्च तारीख देऊन भरती विचारली.

मशीन म्हणालं: ओहोटी ८.०३. भरती २.१८.

म्हणजे प्रोग्रॅम बरोबर होता. आणि त्याच प्रोग्रॅमने चिंचणीत पाय मोडला होता.

२

बुधवारी रजा टाकून दिनानाथ चिंचणीला उतरले. या वर्षीची बारावी रजा. अकरांपैकी आठ त्या वहीने खाल्ल्या होत्या.

सोसायटीच्या पडवीत मंदा आरेकर रिकाम्या टेबलाशी बसली होती. सव्वीस वर्षांची, तात्पुरती कारकून, घरात पगार आणणारी तेवढी एकच. खोलीला कुलूप, तरी पोरगी वेळेवर हजर. अशा माणसाला घरी बसवायचं म्हणजे चेअरमनच्या भाच्याला खुर्ची रिकामी करून द्यायची, हे पडवीतल्या मांजरालाही ठाऊक होतं.

"काका, मी त्या मशीनला काय पण केलं नाय," ती म्हणाली. "सकाळी सातला चालू करायचं, आपोआप भरती येते, एक बटण दाबायचं, छापलेला कागद फळ्यावर चिकटवायचा. दुसरं कायच येत नाय मला त्यातलं."

"आणि तारीख?"

"ती भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून हाताने लिहिते. तुमीच सांगितलं होतं ना?"

दिनानाथांनी मान हलवली. सांगितलं असेल. ते पुष्कळांना पुष्कळ सांगत.

"जुने कागद ठेवलेस?"

मंदाने खिळ्यावरची तार काढून दिली. तारेला टोचलेले कागद, एकावर एक, अगदी ओळीने. दिनानाथांना बरं वाटलं. जुना कागद फेकत नाही ते माणूस सहसा खोटं बोलत नाही; त्याला तेवढी गरजच पडत नाही.

"खोली उघडून एकदा मशीन बघायला मिळालं तर..."

"नरहरीकाका नाय म्हणतात. पुरावा हाय म्हणे. पोलीस पण इतकं जपत नसतील."

"अमावस्येच्या उधाणाला, महिन्याच्या सुरुवातीला, कागद बरोबर होता?"

"तेव्हा लाडकी रोज जायची की. काय पण झालं नाय." मंदाने फळ्याकडे पाहिलं. "दुपारच्या साक्षरता वर्गात मीच शिकवलं तिला काका. पस्तीस वर्षांची बाई, पहिल्या दिवशी पाटी उलटी धरली होती. आता फळ्यावरचा कागद सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवते. दाखवायची."

तेवढ्यात पायरीवरून कोणी तरी म्हणालं, "वाचून दाखवलं म्हणूनच मेली असती."

ती राहीबाई, लाडकीची सासू. सत्तरीची, काटकुळी. टोपली खाली ठेवून ती दिनानाथांसमोर उभी राहिली.

"तुमीच काय ते कागदवाले? मी बोलले तिला, चल, पाणी फिरलं. तर म्हणते, सासूबाय, कागद सांगतो अजून पाऊण तास हाय. आमाला कागद नव्हता तेव्हा काय आमी बुडत होतो?"

"तुम्ही कसं ओळखता, बाई?"

"तिथीची पाऊणपट करायची. परवा तीज होती. तिनाची पाऊणपट किती?"

"सव्वा दोन."

"सव्वा दोनला भरती. सव्वा सहा तास मागे गेलं की सुकती, आठला. वीज नको, मशीन नको." तिने टोपली उचलली. "सून दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून पडलीय. दोन दिवस बोलत नाय. पाय मोडला तर माणूस ओरडतं, ही गप्प हाय. त्याचं काय ते सांगा तुमच्या मशीनला."

राहीबाईच्या हिशेबात आणि दिनानाथांच्या पाच वर्षं घासलेल्या गणितात तीन मिनिटांचा फरक होता. त्यांना हसू आलं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही. त्यांनी तारेवरचे कागद चाळले आणि उठता उठता विचारलं, "मंदा, या महिन्यात मशीनला दुसऱ्या कोणाचा हात लागला?"

"नामदेव सरांचा. दोनदा."

३

नामदेव गवांदे बोईसरला कॉम्प्युटर क्लास चालवायचा आणि आसपासच्या मशिनींची देखभाल करायचा. मूळचा जळगावकडचा, गळ्यात टाय, पायात स्लिपर. वरचा भाग गिऱ्हाइकासाठी, खालचा स्वतःसाठी.

"माझ्यावर संशय, सावेसाहेब?"

"आधी तुझं एखादं मशीन दे. संशय नंतर."

दिनानाथांच्या डोक्यात एक शंका होती. चिंचणीचं मशीन जुनं, त्यात अपूर्णांकांच्या गणितासाठी वेगळी चिप नव्हती. चंद्राचं गणित सगळं अपूर्णांकांचं. तिथे चूक होत असेल का? क्लासमध्ये तसंच एक बिनचिपचं मशीन होतं. त्याला हाताने तारखा देत त्यांनी तारेवरच्या एकेका कागदाशी ताळा केला. मशीन कण्हत कण्हत पण अचूक उत्तरं देत गेलं. चिप निर्दोष सुटली.

पण कागदांनी एक गोष्ट सांगितली. शनिवार चार मार्चपर्यंतचे कागद बरोबर. सोमवार सहा मार्चपासूनचा प्रत्येक कागद चुकलेला, आणि प्रत्येक उशिराच्या बाजूला. कधी पंचेचाळीस मिनिटं, कधी तासाच्या वर. सारखी चूक असती तर प्रोग्रॅमची म्हणता आली असती. वाटेल तशी असती तर बिघाडाची. ही धड कुठलीच नव्हती. मधल्या दिवसांत कोणी खडकावर गेलं नव्हतं, कारण उधाण नव्हतं. पौर्णिमेला उधाण आलं तर होळी, धुळवड, मग रविवार. चूक पंधरा दिवस फळ्यावर लटकत होती. पहिली अडकली ती लाडकी.

"शनिवारी चार तारखेला तू चिंचणीला गेला होतास," दिनानाथ म्हणाले.

"गेलो होतो ना. सहा मार्चचा व्हायरस, साहेब! त्या तारखेला मशीन चालू केलं की सगळं पुसून टाकतो. दर वर्षी मी सगळ्यांच्या मशिनींना ती तारीख गिळायला लावतो. शनिवारी तारीख एक दिवस पुढे केली. रविवारी बंद मशीनमध्ये सहा येऊन गेली. सोमवारी उघडलं तर थेट सात. व्हायरस बसला बोंबलत."

दिनानाथ ताठ बसले. "आणि परत मागे?"

"सात तारखेला, मंगळवारी, स्वतः जाऊन. मंदाच्या देखत. विचारा तिला, स्क्रीनवर सात आली का नाही."

दिनानाथांनी पुढच्या टपरीवरून सोसायटीला फोन लावला. मंदा म्हणाली, "हो काका. सरांनी टाइप केलं, सात-तीन-पंच्याण्णव. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

दिनानाथ परत येऊन बसले. थकवा आता मानेत उतरला होता. तारीखच गुन्हेगार असती तर आठ मार्चपासून कागद सुधारायला हवे होते. ते सुधारले नव्हते. दोन साक्षीदार, दोघंही खरे, आणि मशीन तरी खोटं.

"बरं," निघताना त्यांनी विचारलं, केवळ वहीत रकाना रिकामा राहू नये म्हणून, "तारीख पुढे केलीस ती पण टाइप करूनच?"

"नाही, तेव्हा बॅटरी बदलत होतो. सेटअपची फ्लॉपी आत होतीच, तिच्यातून केली. मंगळवारी ती फ्लॉपी क्लासवर राहिली होती. पण काय फरक पडतो? बाकी सहा मशिनींना टाइपच करतो की मी."

दिनानाथांनी लिहून घेतलं. काय लिहिलं ते कळायला त्यांना सकाळ व्हावी लागली.

४

गुरुवारी सकाळच्या एसटीत खिडकीशी बसून ते चिंचणीला निघाले. सभेत सांगायला काही नव्हतं. प्रोग्रॅम बरोबर, मशीनचं गणित बरोबर, मंदा खरी, नामदेव खरा. मग कमिटी मंदालाच घरी बसवणार. बाकी सगळे सुटल्यावर उरेल त्याला दोषी धरायचं, ही सभांची जुनी रीत. आणि आपण फ्लॉप्या परत मागवायच्या. या विचाराने त्यांना थोडं हलकंच वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली.

वेळ जाईना म्हणून राहीबाईचा हिशेब ते बोटांवर करू लागले. बीजेची दीड. तिजेची सव्वा दोन. चौथीची तीन. दर तिथीला पाऊण तास. उधाण ओसरलं की जरा जास्त...

बोट चौथीवर थांबलं.

कागदावर भरती तीन वाजून पाच मिनिटांनी होती. लाडकीने वाचलेला कागद चुकलेला नव्हताच. तो अगदी बिनचूक होता. फक्त तो चौथीचा होता, आणि दिवस तिजेचा.

त्यांनी पिशवीतून तारेवरचे कागद आणि क्लासमध्ये टिपलेल्या खऱ्या वेळा काढल्या. आठ तारखेच्या कागदावर नऊ तारखेच्या वेळा. नवाच्यावर दहाच्या. म्हणजे नामदेवने तारीख मागे आणली आणि ती दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे गेली. आपोआप?

कारखान्यात शिकाऊ पोरं दाबमापकाचा चुकलेला काटा बोटाने सरकवून ठेवतात. साहेब बघून गेला की झालं. पण आतला स्क्रू तसाच असतो. एकदा दाब बंद करून पुन्हा दिला की काटा जुन्याच खोट्यावर जाऊन बसतो.

सेटअपची फ्लॉपी. दिनानाथ इतक्या जोरात "अरे!" म्हणाले की कंडक्टरने घंटी दिली.

५

सभेला चाळीसेक माणसं होती. नरहरींनी मंदाला मुद्दाम समोर उभी केली होती. नामदेव टाय सावरत मागे उभा. आज पायात बूटही होते.

"बोला सावेभाऊ. दोष कुणाचा?"

"आधी कुलूप काढा. पण मशीन चालू करायच्या आधी मी एक सांगतो. आज तारीख किती?"

"तेवीस."

"हे मशीन चोवीस म्हणेल."

"शक्य नाही!" नामदेव ओरडला. "मी स्वतः..."

"तू स्वतः मागे आणलीस, खरं आहे. मंदाने पाहिली, तेही खरं आहे. चालू कर मंदा. भरती नको, नुसती तारीख विचारू."

खोलीत शिरतील तेवढी माणसं शिरली. बाकीची खिडकीला. मशीन घरघरलं. दिनानाथांनी 'भरती' प्रोग्रॅममधून बाहेर येऊन चार अक्षरं टाइप केली. काळ्या पडद्यावर हिरवी ओळ आली.

चोवीस मार्च.

"देवा," नामदेव म्हणाला.

"तुझ्या सहा नव्या मशिनी शहाण्या आहेत," दिनानाथ त्याला म्हणाले. "त्यांना तारीख टाइप करून दिली की त्या आतल्या घड्याळालाही कळवतात. हे सातवं जुनं. याला टाइप करून सांगितलेलं संध्याकाळी बंद करेपर्यंतच आठवतं. आतलं बॅटरीचं घड्याळ बदलायचं तर सेटअपची फ्लॉपीच लागते. पुढे नेलीस फ्लॉपीने, ती टिकली. मागे आणलीस बोटाने, ती एका दिवसात विरली. आठ तारखेपासून हे मशीन पुन्हा उद्यात जगतंय, आणि चिंचणीला उद्याची भरती वाचून दाखवतंय."

कोणीतरी म्हणालं, "म्हणजे दोष या सरांचा."

नामदेवने टायची गाठ सैल केली.

नरहरी तेवढ्यावर थांबणारे नव्हते. "पण ही रोज मशीनसमोर बसते. चोवीस आलेली हिला दिसत नाय? डोळे कुठे असतात?"

मंदा खाली मान घालून उभी होती. दिनानाथ तिच्याकडे पाहत राहिले. इथे थांबता आलं असतं. नामदेवला बोलणी बसली असती, मंदाला ताकीद मिळाली असती, आणि त्यांना दुपारची एसटी.

त्यांनी पिशवीतून वही काढली.

"तिला दिसत नाही, चेअरमन, कारण तारीख माझ्या प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत असते. या जुन्या पडद्याची उंची कमी. पहिली ओळ वर पडद्याच्या बाहेर जाते, आणि पडद्यावर दिसतं तेवढंच छापलं जातं. हे मंदाने मला जानेवारीतच कळवलं होतं." त्यांनी पान उघडून वाचलं. "बारा जानेवारी. चिंचणी. वरची ओळ दिसत नाही, तारीख येत नाही. उत्तर: तूर्त हाताने लिहा. सवडीने बघू."

त्यांनी वही मिटली.

"ही सवड मला सव्वादोन महिने झाली नाही. तासाभराचं काम होतं. ओळ दिसत असती तर सहा तारखेलाच मंदाने फोन केला असता, काका, मशीन सात म्हणतंय. त्याऐवजी ती रोज उद्याच्या कागदावर आजची तारीख घालत राहिली. मी सांगितलं म्हणून. नामदेवने तारीख बिघडवली. ती झाकायला मी शिकवलं. घरी बसवायचं तर मला बसवा. मी तयारच आहे."

खिडकीतून कोणी तरी हसलं. नरहरींनी कमरेची किल्ली उगाच चाचपली. भाच्याची खुर्ची दूर जाताना त्यांना दिसत होती, पण चाळीस माणसांसमोर तिला हात घालणं बरं दिसलं नसतं. "मंदा हाय तिथेच राहील," ते म्हणाले. "आणि कागद? बंद करायचा का?"

"त्याचं मागाहून," दाराशी उभी असलेली राहीबाई म्हणाली. तिने दिनानाथांच्या हातातला वीस तारखेचा कागद बोटाने दाखवला. "हा घ्या आन् चला माझ्याबरोबर. आता मला कळलं ती गप का हाय."

६

दवाखान्यात लाडकी भिंतीकडे तोंड करून पडली होती. पाय प्लॅस्टरमध्ये, मनगटावर बंद पडलेलं घड्याळ.

"बघ गं, कागदवाले आले," राहीबाई म्हणाली. लाडकी हलली नाही. राहीबाईने आवाज उतरवला. "हिला वाटतंय, हिनंच आकडा चुकीचा वाचला. नवीन शिकलेली ना. बाकीच्या बायका पण तेच बोलल्या, म्हातारपणी पाटी घेतली आन् पाण्यात गेली. काल मंदाने पुस्तक पाठवलं, ते खाटेखाली टाकून दिलं."

दिनानाथ स्टुलावर बसले. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना आपला थकवा छोटा वाटला. त्यांनी कागद उलगडून लाडकीच्या उशाशी धरला.

"लाडकीबाई, एवढं वाचून दाखवता?"

मग ती या अंगावर वळली. कागदाकडे पाहिलं. मारके मास्तर समोर असावेत तसं दिनानाथांकडे पाहिलं.

"आठ..." ती म्हणाली. "आठ पन्नास."

"आठ पन्नासच आहे. सोमवारीही तुम्ही हेच वाचलंत ना?"

"हां."

"बरोबर वाचलंत. चुकला तो कागद. माझा आहे तो."

लाडकीने कागद हातात घेतला. शाईतल्या तारखेवर बोट ठेवलं. "आन् ही वीस?"

"ती वीसच. तीही बरोबर."

ती सासूकडे वळली. "ऐकलंत? मी नाय चुकले."

"ऐकलं गं बाय. सगळ्या गावाला सांगेन. पण कालवं राहिली ना दगडावर?"

लाडकी हसली नाही. तिने कागद डोळ्यांजवळ नेला, बोट खालच्या ओळीवर आणलं, आणि कोणी विचारलेलं नसताना, सावकाश, खोलीतल्या साऱ्या खाटांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचलं,

"भरती. तीन. पाच."